टेकू आणि वाळवी

मेहकरच्या छाया उबरहंडे यांचे पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि मिलिंद आरवाडे यांनी त्याला उत्तर दिले नव्हते. लिहायला बसले नव्हते असे नाही. अकरा वेळा बसले होते. दर वेळी 'सा. न. वि. वि.' इथपर्यंत लेखणी सुरळीत चाले आणि पुढे चिखलात बैल बसावा तशी बसे. मग तो कागद घडी होऊन हाताशी असेल त्या पुस्तकात जाई आणि पुस्तक कपाटात जाई. सदतीस वर्षे कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला नकोशी वस्तू दडवायला दुसरी जागा सुचणार तरी कुठली?

पत्र मात्र पाठ झाले होते.

'आदरणीय आरवाडे सर, तुमची "मेंदू सांभाळा" ही पुस्तिका आमच्या घरी देवाजवळ ठेवलेली असते. माझ्या यजमानांनी तिचे अक्षर न् अक्षर पाळले. त्यांचा टेकू सत्याण्णव होता. दिवाळीत त्यांनी नातवाला बीजगणित शिकवले. संक्रांतीला त्यांनी मला विचारले, "बाई, तुम्ही कुणाच्या घरच्या?" मधे फक्त नऊ आठवडे गेले. वैशाखात ते वारले. सर, असे होते हे तुम्हाला माहीत होते का? माझा टेकू एक्याण्णव आहे. मी आता काय करावे? तुमचे उत्तर येईपर्यंत मी सगळे बंद ठेवते.'

शेवटचे वाक्य आरवाड्यांनी फारसे मनावर घेतले नव्हते. दुःखात माणूस असे काहीबाही लिहितो. 'सगळे बंद ठेवते' म्हणजे देव पाण्यात घालून ठेवण्यासारखा एक हट्ट. आपल्यासारख्या सामान्य माणसाच्या उत्तरावाचून कुणाचे काय अडते, असेही त्यांना वाटत होते. आपल्यावाचून कुणाचे काही अडत नाही, ही त्यांची जन्माची समजूत होती आणि तिच्या आडोशाला त्यांनी पुष्कळ कामे टाळली होती.

हे ज्या वर्षीचे आहे, त्या वर्षी साठी ओलांडलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर मेंदू-जतन मंडळाचा पट्टा असे. किती चाललात, किती झोपलात, रक्तदाब कुठे आहे, कानातले यंत्र घातले की पेटीतच ठेवले, नवे काही शिकलात की कालचेच घोकलेत, हे सगळे पट्टा टिपून घेई. दर तीन महिन्यांनी मंडळाच्या केंद्रात जाळीची टोपी डोक्यावर घालून अर्धा तास बसायचे. मग पट्ट्यावर शून्य ते शंभर यांमधला एक आकडा उमटे. कागदोपत्री त्याचे नाव 'संचित मेंदू-आधारक्षमता निर्देशांक' असे होते. लोक त्याला टेकू म्हणत.

तो शब्द आरवाड्यांचा. सात वर्षांपूर्वी मंडळाने त्यांना सोप्या मराठीत पुस्तिका लिहायला सांगितली, तेव्हा हे निर्देशांकाचे लांबलचक नाव त्यांच्या घशाखाली उतरेना. शास्त्र तसे साधे होते. वयाबरोबर मेंदू झिजतो, पेशींमधले दुवे तुटतात. पण ज्याने मेंदू चालता ठेवला, त्याच्या डोक्यात एकाच कामाला चार-चार वाटा झालेल्या असतात. एक बुजली तर काम दुसरीने होते. आरवाड्यांनी लिहिले, 'तुळईला वाळवी लागली, तरी खाली टेकू भक्कम असतील तर छप्पर हलत नाही. रोजचे चालणे हा एक टेकू. पुरेशी झोप हा दुसरा. नव्या माणसाशी बोलणे हा तिसरा.' पुस्तिका नऊ लाख घरांत गेली. हळदीच्या बाजारात हमालसुद्धा एकमेकांना विचारू लागले, 'काय तात्या, टेकू किती?'

लिहिणाऱ्याची मात्र त्या तिसऱ्या टेकूने पंचाईत करून ठेवली होती.

रोज पाच वाजता पट्टे थरथरत आणि सांगलीतली सगळी म्हातारी माणसे रस्त्यावर येत. याला बोलफेरी म्हणत. अनोळखी माणसाशी दहा मिनिटे बोलले की पूर्ण गुण, ओळखीच्याशी बोलले की निम्मे. नवरा-बायकोच्या बोलण्याला शून्य. "मंडळात कुणीतरी लग्न झालेला शास्त्रज्ञ दिसतोय," असे आरवाड्यांच्या पत्नी वैशालीताई म्हणत. अनोळखी माणूस समोर आला की आरवाडे रस्ता ओलांडून पलीकडे जात. पुस्तक वाचणे हा त्यांचा प्राण. पण वाचलेलेच पुस्तक पुन्हा वाचायला घेतले, तर पट्टा अर्ध्या तासात कुरकुरू लागे. 'ओळखीचा मजकूर. कृपया काही नवीन निवडा.' आपणच लिहिलेला नियम आपल्याच मनगटावरून आपल्याला रागावतो, याने ते मनातल्या मनात जळफळत.

त्या दिवशी ते फाटकाशी अंग चोरून उभे होते, तेवढ्यात धोतरातला एक गृहस्थ समोर येऊन उभा राहिला.

"मालक, दहा मिन्टं द्या की. सकाळधरनं एकबी नवा माणूस घावंना. समदे वळखीचे झाल्यात गावात."

"काय बोलू?" आरवाडे म्हणाले.

"कायबी. माझी म्हस सांगू का?"

आरवाड्यांनी दहा मिनिटे म्हैस ऐकली. ती कधी व्याली, कशी मारते, कुणाला मारते. गृहस्थाचा पट्टा थरथरला, तसा तो वाक्य अर्धवट टाकून "येतो मालक" म्हणाला आणि चालू लागला. म्हशीने शेवटी कुणाला मारले ते आरवाड्यांना कळलेच नाही.

"सर, चांगले गुण मिळाले की," मागून आवाज आला.

डॉ. निलोफर मुजावर सायकलवरून उतरत होत्या. मिरजेच्या केंद्राच्या त्या प्रमुख. पंचेचाळिशीच्या. कॉलेजात असताना त्या ग्रंथालय बंद होईपर्यंत बसून असत आणि आरवाडे त्यांच्यासाठी किल्ली हातात धरून थांबत. तेव्हापासून ते त्यांना अगं-तुगं करत आणि त्यांच्यासमोर मात्र, त्या एवढ्या मोठ्या झाल्यापासून, थोडे चाचरत.

"अकरावी आवृत्ती काढायचीय, सर," ओट्यावर बसत निलोफर म्हणाल्या. "एक प्रकरण वाढवा. लोक सवयी सोडायला लागलेत. चालत नाहीत, बोलत नाहीत. त्यांना जरा खडसावायला पाहिजे, तुमच्या गोड भाषेत."

"माझ्याच्यानं खडसावणं होत नाही. दुसऱ्या कुणाला तरी सांग."

"लोकांना तुमचंच पटतं. हे बघा, किती जण घसरलेत." त्यांनी मांडीवर पाटीसारखा पडदा उघडला आणि यादी वाचू लागल्या. "पैठणचे एक आहेत, एकोणऐंशीवरून चाळीस. वाईच्या एक बाई. आणि या बघा, मेहकरच्या. छाया उबरहंडे, वय एकाहत्तर. एक्याण्णववरून अठ्ठावन्न. चौदा महिन्यांत. दुखणं नाही, खुपणं नाही."

आरवाडे ओट्यावरून उठले.

"स्वयंसेवक मोजायची टोपी घेऊन दोनदा घरी जाऊन आला. बाईंनी पट्टा काढून फडताळात ठेवलाय. घराबाहेर पडत नाहीत, कुणाशी बोलत नाहीत, नुसत्या दाराशी बसून असतात. त्यानं लिहून आणलंय त्या काय म्हणाल्या ते. 'मोजा बाप्पा, मोजाचं तं. पण सांगलीहून उत्तर आल्याबिगर मी काई करत नाई.' सांगलीत आपलं कार्यालयच नाही. कुणाचं उत्तर, काही कळेना."

"माझं," आरवाडे म्हणाले.

 आरवाडे आत गेले, पत्र घेऊन आले आणि त्यांच्या हातात दिले. निलोफरनी ते दोनदा वाचले.

"चौदा महिने, सर?"

"काय लिहू? सांग ना! हो म्हणू? माहीत होतं म्हणू?" एरवी कधी न चढणारा त्यांचा आवाज चढला. "दुसऱ्या प्रकरणात शेवटचा परिच्छेद होता. 'टेकू वाळवी थांबवत नाहीत. टेकू आहेत तोवर छप्पर हलत नाही, पण आतली तुळई पोखरतच असते. ज्याचे टेकू जास्त, त्याची तुळई शेवटी जास्त पोखरलेली असते. आणि मग पडते ते सगळे एकदम पडते.' मी लिहिलं होतं. तू म्हणालीस, काढा."

"मी सुचवलं. काढलंत तुम्ही."

"तू शास्त्रज्ञ. मी कोण?"

"हेच!" निलोफर तटकन म्हणाल्या. "तुम्ही एकदा तरी 'नाही' म्हणालात का, सर? मी कारण सांगितलं, तुम्ही मान हलवली आणि चहा घेतला. मला वाटलं, पटलं."

ते कारण आरवाड्यांना आठवत होते आणि ते खोटे नव्हते. जाळीच्या टोपीला दोन गोष्टी दिसतात. एक टेकू, दुसरी झीज, म्हणजे तुळई आत किती पोखरली आहे तो आकडा. पुस्तिकेच्या बऱ्याच आधी, मंडळाच्या पहिल्या वर्षी, मोजक्या लोकांना दोन्ही आकडे सांगत असत. ज्यांची झीज मोठी निघाली, त्यांतल्या निम्म्यांनी घरी जाऊन अंथरूण धरले. चालणे सोडले, माणसे सोडली, आणि ज्यांना सहा-सात वर्षे धडधाकट मिळाली असती ते दोन वर्षांत आटोपले. तेव्हापासून झीज दाखवणे बंद झाले.

"सहा-सात वर्षं, सर," निलोफर आता हळू बोलत होत्या. "पूर्वी माणूस आठ-दहा वर्षं हळूहळू विझायचा. आधी किल्ल्या विसरायचा, मग नावं, मग लेकरं. घरच्यांचे हाल बघवायचे नाहीत. आता ती सगळी वर्षं तो गणितं शिकवतो, बाजार करतो. आणि शेवटचं ते सगळं काही महिन्यांत उरकतं. हे वाईट आहे का? तुम्हीच सांगा."

"वाईट नाही. पण त्या बाईला नऊ आठवडे मिळाले, निलोफर, आणि त्या नऊ आठवड्यांत त्यांना वाटत होतं की यांना झोप कमी पडतेय. पट्ट्यावर सत्याण्णव होते ना! निरोप कुणाचा घेणार आणि कधी?"

निलोफरनी पत्राची घडी घालून ते परत दिले.

"त्या बाईंची झीज किती आहे?" आरवाड्यांनी विचारले.

"ते सांगायचा नियम नाही."

"मी तुला नियम मोडून रात्रीसाठी संदर्भग्रंथ घरी न्यायला दिलेत."

निलोफरनी पडद्यावर बोट फिरवले.  "नखभर," त्या म्हणाल्या. "नाहीच म्हणा. नवऱ्याच्या तुळईला होती, यांच्या नाही. यांनी चांगल्या घराचे टेकू हातानं काढले. छप्पर अजून जागेवर आहे, पण उद्या वाळवी लागली तर थोपवायला खाली काही नाही."

"परत उभे राहतील?"

"आत्ता सुरू केलं तर बरेचसे. सगळे नाहीत. आणि हे वर्ष असंच गेलं तर..." त्यांनी पडदा मिटला. "त्या माझं ऐकत नाहीत, सर. फोन उचलत नाहीत. त्या छापलेल्या अक्षरावर विश्वास ठेवणाऱ्या आहेत. ज्यानं लिहिलं त्यानंच सांगायला पाहिजे."

सायकलपाशी गेल्यावर आरवाडे म्हणाले, "निलोफर, माझी... आणि वैशालीची..."

त्यांनी वाक्य पुरे केले नाही. निलोफर ओढणी बांधत होत्या. ती गाठ त्यांनी दोनदा सोडून पुन्हा बांधली. मान वर केली नाही. "येते, सर," म्हणून त्या गेल्या.

आरवाडे घरात वळले तो दारात वैशालीताई उभ्या. डाव्या हाताला पीठ.

"ऐकलंस?" आरवाडे म्हणाले.

"कानातलं यंत्र तुम्हीच घालायला लावलंत. त्याला पाच गुण असतात ना!" त्या आत गेल्या. आरवाडे मागोमाग गेले. तव्यावर एक वेडीवाकडी भाकरी होती. तीन वर्षे त्या डाव्या हाताने भाकरी थापत होत्या, कारण पुस्तिकेत लिहिले होते की सरावाचे काम उलट्या हाताने केल्यास मेंदूला नवी वाट सापडते. तीन वर्षांत एकही भाकरी गोल झाली नव्हती.

"म्हणजे माझे शहाण्णव आहेत, ते काही खरं नाही," त्या म्हणाल्या.

"खरे आहेत. पण तो निम्माच आकडा आहे."

"आणि हे तुम्हाला सात वर्षं ठाऊक आहे."

"हो."

"मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरशील असं..."

"मी? मी घाबरीन?" त्यांनी उलथने आपटले. "पाल दिसली तर खुर्चीवर कोण चढतं या घरात? अहो, मी कानडी शिकले. त्या मेल्या म्हशीवाल्याशीसुद्धा तीनदा बोलले. मीठ सोडलं, लोणचं सोडलं. सगळं केलं, आणि तुम्ही शेजारी बसून वाचत होतात, मनात हे ठेवून!"

 भाकरी करपू लागली. वैशालीताईंनी ती उतरवली, गॅस बंद केला आणि पाटावर बसल्या.

"मग सोडून द्यायचं का सगळं?" त्यांनी विचारले. आवाज एकदम साधा झाला होता.

"मला कळत नाही, वैशाली. सोडलं तर वाईट. नाही सोडलं तर चांगलं, पण कधी काय होईल ते कळायचं नाही. त्या बाईला कुठलं एक सांगू? चुकीचं सांगितलं तर?"

"तुम्हाला कुणी सांगितलंय ठरवायला?" वैशालीताई म्हणाल्या. "तिनं दोन गोष्टी विचारल्यात. माहीत होतं का, आणि करू काय. पहिलीचं उत्तर तुम्ही द्या, दुसरीचं तिला सुचेल. तुम्ही पहिलीचंच दिलं नाहीत म्हणून ती दारात बसलीय. मला सात वर्षांपूर्वी सांगितलं असतंत, तरी मी कानडी शिकलेच असते. पण लोणचं सोडलं नसतं."

मंगळवारी टपाल कार्यालय उघडणार होते. आठवड्यात दोनच दिवस ते उघडत असे. मधे चार दिवस होते.

ते चार दिवस आरवाड्यांना फार जड गेले. शनिवारी सकाळी जाग आली तेव्हा वैशालीताई उशीवरून त्यांच्याकडे टक लावून बघत होत्या. काही बोलत नव्हत्या. आता 'तुम्ही कुणाच्या घरचे?' असे विचारतात की काय, असे आरवाड्यांना वाटले. मग त्या म्हणाल्या, "दूध यायचंय," आणि उठल्या. रविवारी आरवाडे आधी जागे झाले आणि तसेच बघत पडून राहिले. वैशालीताईंनी डोळे उघडले, त्यांची नजर ओळखली आणि चिडून म्हणाल्या, "मिलिंद पायगोंडा आरवाडे. झालं समाधान?" सोमवारी दोघेही एकमेकांना परीक्षा घेताना सापडले आणि दोघांनाही हसू आले नाही. लाखो घरांतल्या माणसांना आपण हे असे सकाळचे उठणे पाठवून देणार आहोत का, असे आरवाड्यांच्या मनात आले. अकराव्या आवृत्तीत तो परिच्छेद घातला, तर हेच होईल. नाही घातला, तर नऊ आठवडे.

सोमवारी दुपारी त्यांनी बाराव्यांदा कागद घेतला. या वेळी 'सा. न. वि. वि.' लिहिलेच नाही.

'श्रीमती छायाताई,

हो. मला माहीत होते. मी ते लिहिले होते आणि कुणी काढा म्हटल्यावर काढले. ज्यांनी सुचवले त्यांच्याकडे कारण होते. माझ्याकडे फक्त भित्रेपणा होता.

तुमच्या यजमानांची चूक झाली नाही आणि तुमची नजर कमी पडली नाही. नऊ आठवड्यांत कुणाच्याच ध्यानात येत नाही. बीजगणित शिकवणारी ती दिवाळी त्यांना त्या सवयींनीच दिली. संक्रांतही त्याच सवयींमुळे तशी आली. दोन्ही खरे आहे.

तुमच्याबद्दल मला एक गोष्ट कळली आहे. ती सांगण्याचा मला अधिकार नाही, तरी सांगतो. तुमच्यात यजमानांसारखी झीज नाही. तुम्ही बसून राहिलात ते माझ्यामुळे. चौदा महिने मी तुमचे घर उघड्यावर ठेवले. त्याची क्षमा मागायलाही मला लाज वाटते.

काय करावे ते मी सांगत नाही. मला विचाराल तर मी चालतो आहे आणि चालत राहणार आहे. पण माझ्या पुस्तिकेत एक सवय नव्हती. ज्याला जे सांगायचे ते टेकू चांगला असतानाच सांगून टाकावे. वाईट होण्याची वाट बघू नये, कारण तो दिवस दिसत नाही. माझा टेकू चौऱ्याण्णव आहे. आत काय आहे ते मी विचारले नाही. म्हणून हे पत्र आज लिहिले.'

वैशालीताईंनी ते वाचले. "क्षमेचं ते नीट मागा," त्या म्हणाल्या. "लाज वाटते म्हणून सोडून काय देता?" आरवाड्यांनी ती ओळ खोडून 'मला क्षमा करा' असे लिहिले. आणखी चार ठिकाणी त्यांना काही बदलावेसे वाटत होते. वैशालीताईंनी कागद ओढून घेतला आणि पाकीट चिकटवले.

मंगळवारी टपाल कार्यालयात ते एकटेच गिऱ्हाईक होते. खिडकीमागच्या माणसाने पाकीट उलटसुलट करून पाहिले. हाताने लिहिलेले पत्र त्याच्या खिडकीवर बऱ्याच दिवसांत आले नसावे.

"मेहकर. पाच दिवस लागतील, काका."

"थोडं लवकर नाही का जाणार?"

"आता हे जालन्यापर्यंत गाडीनं, पुढं तिथला माणूस. काय अर्जंट आहे का?"

"उत्तर आहे," आरवाडे म्हणाले. "पत्र चौदा महिन्यांपूर्वी आलं होतं."

माणूस मोकळेपणाने हसला. "काय काका! चौदा महिने कळ काढली त्यांनी, आणखी पाच दिवसांनी काय होतंय?"

आरवाड्यांनी तोंड उघडले. काय होते ते त्यांना सांगता आले असते. त्यांच्यामागे आता दुसरे एक म्हातारे गृहस्थ येऊन उभे होते, हसतमुख, ताठ, मनगटावरचा आकडा सगळ्यांना दिसावा म्हणून बाही वर केलेले. अठ्ठ्याण्णव.

खिडकीमागच्या माणसाने पाकिटावर शिक्का मारला आणि ते मागच्या पोत्यात टाकले.